एक्केचाळिसावं षटक

देवरावानं चषकाचा इतिहास लिहायला घेतला आणि घरातल्या प्रत्येकाला त्या इतिहासात आपली जागा पक्की करून घ्यायची घाई झाली. बहीण शालूनं मोर्शीहून दोन पत्रं टाकली होती: पहिल्या वर्षी षटकं मोजायचे चिंचोके मीच गोळा केले होते, ते लिहिलं का? माय म्हणत होती, खेळपट्टीवरच्या चटईला पहिला टाका माझ्या हातचा. धाकटा देवमन तेवढा काही म्हणत नव्हता. त्याला गरजच नव्हती, कारण मुखपृष्ठावर फोटोच त्याचा येणार होता.

डिसेंबर पासष्टचा दुसरा रविवार होता. कापसाच्या जिनिंगला सुटी असल्यामुळे भोंगा वाजला नव्हता, आणि अमरावतीच्या जिनामागच्या वस्तीतल्या बुधाजीच्या दोन खोल्यांत सगळं घर जमलं होतं. देवराव सकाळच्या गाडीनं अकोल्याहून आला होता. तिथल्या शाळेत तो मास्तर होता, आणि चाळीस पानं हातानं लिहून काढल्यामुळे अलीकडे जरा जास्तच मास्तर झाला होता. शालू मोर्शीची संत्री घेऊन आली होती. देवमनची बायको वच्छला चुलीपाशी भाकरी थापत होती, पण कान बाहेर होते. बाप बुधाजी दाराशी, उन्हाच्या पट्ट्यात, भिंतीला टेकून बसला होता. जानेवारीत चषकाला पंधरावं वर्ष लागणार, त्याआधी पुस्तिका निघायला हवी, म्हणून जिनाचे मॅनेजर केशवराव मागे लागले होते. कागद सोमवारी छापखान्यात द्यायचे होते.

"वाच ना आता," शालू म्हणाली. "चष्मा किती वेळ पुसतं?"

देवरावानं घसा साफ केला आणि शाळेतल्या आवाजात सुरुवात केली. सन एकोणीसशे बावन्न. त्या काळी क्रिकेट म्हणजे तीन-तीन दिवसांचा, सुटाबुटातल्या साहेबांचा खेळ. हंगामात जिनातल्या माणसाला आठवड्याची एक सुटी, तिच्यात खेळणार काय आणि जिंकणार काय? तेव्हा केशवरावांनी तोड काढली. सकाळी आठला सुरुवात, पाचच्या आत निकाल, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस षटकं, आणि हरला तो घरी. पंचक्रोशीनं या सामन्यांना नाव दिलं एकरोजी. पहिल्या वर्षी चार संघ होते: अमरावतीचं जिन, अकोला, मोर्शी आणि अचलपूर. तिसऱ्या वर्षी हिवरखेडवाले दोन बैलगाड्या जुंपून आले, अकराच्या जागी दहाच होते, तर गाडी हाकणाऱ्यालाच उभं केलं, आणि त्या गड्यानं तीन झेल घेतले. साठ साली आठ संघ झाले, चौसष्टला सोळा.

"आनि विलायतेचं?" देवमननं विचारलं.

"येऊन राह्यलं ना." देवरावाला हा भाग फार आवडायचा. "दोन-अडीच वर्षांपूर्वी विलायतेतही मोजक्या षटकांची, एका दिवसाची बाद स्पर्धा सुरू झाल्याचे वर्तमानपत्रांत आले. आम्हां वऱ्हाडकरांस त्यात नवल वाटले नाही. आम्ही अकरा वर्षे पुढे होतो."

सगळे हसले. माय जाईबाईनं तर विलायतेच्या नावानं बोटंच मोडली.

"आता अंतिम सामना," देवराव म्हणाला. "एकोणीसशे बावन्न. अचलपूर सर्वबाद एकशे बेचाळीस. उत्तरादाखल जिनाच्या संघाचे नऊ गडी बाद झाले असता देवमन बुधाजी हा एकोणीस वर्षांचा हमाल खेळपट्टीवर उभा होता. अखेरच्या षटकाआधी अचलपूरच्या मोजणीदाराच्या गैरसमजामुळे काही वेळ खोळंबा झाला. मात्र अचलपूरचे कप्तान अब्दुल गफ्फार यांनी खिलाडूपणे चेंडू हाती घेतला. सहा धावा हव्या होत्या. देवमनने एक चौकार व..."

"थांब," बुधाजी म्हणाला.

देवराव थांबला. एखादी तारीख चुकली असेल, असं त्याला वाटलं.

"गैरसमज कोनाचा लिहिला तू?"

"अचलपूरच्या मोजणीदाराचा. गयासुद्दीन. गफ्फारभाईचा धाकटा भाऊ."

"ते काट," बुधाजी म्हणाला. "गयासुद्दीनचा गैरसमज नव्हता. चूक माही होती."

घरात कुणाला काही कळलं नाही. चुलीवरच्या भाकरीचा करपल्याचा वास आला तेव्हा वच्छलेनं ती घाईनं उलटली.

बुधाजी बोलू लागला तो जमिनीकडे बघून. पहिल्या वर्षी दोन मोजणीदार होते. अचलपूरच्या डावाची षटकं गयासुद्दीननं मोजायची, जिनाच्या डावाची बुधाजीनं. षटक संपलं की पंच हात वर करी आणि बुधाजी ढिगातला एक चिंचोका उचलून ताटात टाकी. धावांची वही वेगळी होती, पण तिच्यात षटकं लिहायची कुणाला सुचलीच नव्हती. ताटात चाळीस भरले की खेळ खलास.

"हिवरखेडले माहा बाप खळ्यावर माप टाके," बुधाजी म्हणाला. "पयलं माप लाभाचं. ते राशीत नाई धरायचं, बाजूले काढून ठेवायचं. मंग एक, दोन, तीन. लहानपनापासून माहा हात तसाच चालते. त्या दिवशी पयली ओवर झाली. मी चिंचोका उचलला, लाभ म्हटलं, आन बंडीच्या खिशात टाकला. मले मालूमच नाई. मंग मोजाले लागलो एकपासून."

देवरावाच्या मनात हिशेब झाला आणि झाला तसा त्याला तो नकोसा वाटला. ताटात एकोणचाळीस, म्हणजे मैदानावर चाळीस. गयासुद्दीन शेजारी बसून आपल्या समाधानासाठी तसबीच्या मण्यांवर तीच षटकं मोजत होता. चाळीस होताच तो ओरडत उठला होता. पंचांनी ताटातले चिंचोके तीनदा मोजले, तिन्ही वेळा एकोणचाळीस भरले. गयासुद्दीन बुधाजीला चोर म्हणाला. त्यासरशी गफ्फारनं भर मैदानात, हजार माणसांसमोर, भावाच्या थोबाडीत दिली. म्हणाला, बुधाजीकाका खोटं मोजणार नाहीत, आणि चेंडू घेऊन धावत आला. त्या षटकात देवमननं सहा धावा काढल्या. नाबाद सत्तर.

"कधी समजलं तुमाले?" देवमननं विचारलं.

"त्याच सांजी. बंडी काढली आन चिंचोका पडला."

"मंग?"

"सांगाले निघालो होतो. दारात आलो तं तुही मिरवनूक," बुधाजी म्हणाला. "ज्या रस्त्यानं आपल्याले वाजत जाऊ देत नोते, त्या रस्त्यानं तुले खांद्यावर घेऊन चालले होते. केशवरावानं सोताच्या हातानं हार घातला. मले खुर्ची देल्ली बसाले. मी उभाच राह्यलो, आन मंग घरात आलो."

देवरावाला ती संध्याकाळ आठवली. तोही त्या मिरवणुकीत नाचला होता. दुसऱ्या वर्षीपासून बाबांनी मोजणी सोडून चटई अंथरायचं काम घेतलं, डोळ्यांनी दिसत नाही म्हणाले, तेही आठवलं. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. अजूनही ते सुईत दोरा ओवत. ही गोष्ट एवढ्या वर्षांत आपल्या ध्यानात कशी आली नाही, याची मास्तरला लाज वाटली.

"आता कावून सांगता पन?" देवमन उठून उभा राहिला. "चौदा वर्सं झाली. कोनी इचारलं का? त्या सत्तरवर साहेबानं मले हमालीतून काढून गोदामावर बसवलं. मैदानात फळ्यावर लिहून आहे. वस्तीतलं पोट्टं बॅट धरते तं कोनाचं नाव घेते?"

"म्हनूनच," बुधाजी म्हणाला. "आजवर तोंडी होतं. आता छापून येईन. छापलेलं कोन पुसनार?"

शालू आधी बापाच्या बाजूची होती. मोर्शीच्या शाळेत ती मुलांना शिकवायची, आणि खरं-खोटं या बाबतीत तिचं नेहमी एक घाव दोन तुकडे असायचं. "बाबाचं बरोबर आहे," ती म्हणाली. "छप्पन साली नागपूरले शील घेतलं ते कायले? काढून टाक ते वाक्य, दादा."

"नुसतं काढून नाई भागत," बुधाजी म्हणाला. "खरं लिहा लागन. कप अचलपूरचा होता."

तेव्हा मात्र शालूचा चेहरा बदलला. संत्र्याची साल हातातच राहिली. "कप अचलपूरचा?" ती हळूच म्हणाली. "बाबा, त्या मिरवनुकीच्या दुसऱ्या दिवशी माह्या शाळेत गुरुजीनं मले पयल्या बाकावर बसवलं. देवमनची बहीन म्हनून. तोवर मी दारात बसत होती. तुमी आता सांगनार का थे बी चुकून झालं?" तिला पुढं बोलवेना. ती उठली आणि देवमनच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आता देवरावाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. थोरला तो, शिकलेला तो, आणि लेखणी त्याच्या हातात. खरं सांगायचं तर त्याला त्या घडीला खरेपणाचा फारसा पुळका नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव छापून येणार होतं. भावाचं नाव त्यात मोठं होतं याचा त्याला मनापासून अभिमान होता, आणि थोडासा मत्सरही होता, तो तो स्वतःपासून लपवत असे. बापाच्या बोलण्यानं एक क्षणभर त्या मत्सराला बरं वाटलं. ते लक्षात येताच तो स्वतःवरच चिडला आणि घाईघाईनं भावाची बाजू घेऊन मोकळा झाला.

"मधला रस्ता काढू," तो म्हणाला. "गैरसमज हा शब्द काढतो. लिहितो की सामना अत्यंत चुरशीचा झाला. कोनाले काही लागलं नाही, कोनाचं काही गेलं नाही."

"चुरशीचा," बुधाजी म्हणाला. त्यानं तो शब्द फक्त उच्चारला, पण देवरावाला पेपर तपासताना स्वतःच मुलांच्या उत्तरावर मारलेली लाल रेघ आठवली.

"तुले कोनी सांगतलं का गेलं नाई म्हनून?" जाईबाई म्हणाली. ती नवऱ्याच्या विरुद्ध जाईल असं देवमनला वाटत होतं, कारण मिरवणुकीची गोष्ट ती वर्षातून चारदा तरी सांगायची. "नऊ वर्सं झाली पंचशील म्हनतो आमी. दर इतवारी. तीन शीलं तुहा बाप खनखनीत म्हनते. चवथं, खोटं न बोलाचं, आलं का त्याले खोकला येते. मुसावादा म्हटलं का खोकला. मी म्हनो, धुक्यानं असंन. अद्रकाचा काढा पाजो. आज समजलं मले, तो खोकला कायचा होता."

बुधाजीनं बायकोकडे पाहिलं. तिनं हे हेरलं असेल, याची त्याला कल्पना नव्हती.

"माय, तू बी?" देवमन म्हणाला. "मंग सांगा सगळ्याईले. मह्यापाशी काय राहीन ते बी सांगा. बत्तीस वर्सांचा मानूस मी, मह्याजवळ थो एक दिवस आहे फक्त."

यावर वच्छला चुलीपासून उठली. पिठाचे हात तसेच होते. सासऱ्यासमोर ती मोठ्यानं बोलत नसे, पण आज पदर सावरून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मी काय त्या एका ओवरवर नांदाले आली का तुमच्या घरी?" ती म्हणाली. "लगनात मले कोनी सत्तर सांगतले नोते. मानूस कष्टाचा आहे, दारू पेत नाई, एवढंच सांगतलं होतं. आन ते खरं निंगालं."

देवमन भिंतीशी खाली बसला. शालूला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी बुधाजीकाका अशी हाक मारली आणि सगळे दचकले. अब्दुल गफ्फार बाराच्या बसनं येणार होता, हे देवरावाच्या साफ डोक्यातून गेलं होतं. जुन्या कप्तानांकडून संघांचे फोटो मागवायची पत्रं त्यानंच पाठवली होती.

गफ्फार आता पन्नाशीला आला होता. अचलपुरात त्याचं सतरंज्यांचं दुकान होतं. जयभीम-सलाम झाले, पाणी झालं. बाजेवर बसून त्यानं कापडात गुंडाळलेला फोटो काढला. पांढऱ्या पायजम्यातले अकरा जण, मागे चटई, आणि उजव्या कोपऱ्यात हातात तसबी घेतलेला एक किडकिडीत तरुण.

"मास्तर, छापा खुशाल," गफ्फार म्हणाला. "एक इनंती आहे. हा कोपरा तेवढा कापून टाका."

"हा कोन?" देवरावानं विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"गयास. चार मानसांत त्याच्यापायी माही मान खाली गेली. आपन हरलो तं हरलो, पन या घरच्या मानसाले चोर म्हनावं त्यानं? माफी माग म्हटलं तं मांगत नाई. म्हने, चाळीस म्हनजे चाळीस. एका गल्लीत राहतो आमी. चौदा वर्सं झाली, ईदेले तो माह्या दारात नाई आला, मी त्याच्या दारात नाई गेलो. आमिना, त्याची बायको, लपून माह्या घरी शिरखुर्मा पाठवते. मह्या मायच्या मातीले बी आमी दोघं दोन बाजूनं उभे होतो." त्यानं फोटो देवरावाच्या पुढे सरकवला. "पुस्तकात दिसला तं लोक पुन्हा काढतीन. कापून टाका."

देवरावानं फोटो घेतला. आपण 'कोनाचं काही गेलं नाही' असं म्हणून अर्धा तासही झाला नव्हता. त्यानं देवमनकडे पाहिलं. देवमन फोटोतल्या त्या कोपऱ्याकडे पाहत होता आणि त्याची मान हळूहळू खाली जात होती.

बुधाजी भिंतीचा आधार घेऊन उठला. "गफ्फारभाई," तो म्हणाला, "त्याले नका कापू. तो बरोबर मोजत होता. मीच चुकलो होतो."

मग त्यानं सगळं पुन्हा सांगितलं: लाभाचं माप, बंडीचा खिसा, संध्याकाळ, मिरवणूक. काही लपवलं नाही, आणि आपल्याला सोपं जाईल असं काही मध्ये घातलंही नाही. देवराव ऐकत होता. मघाशी घरच्यांना सांगताना बाबांचा आवाज अडखळत होता, आता तो अडखळत नव्हता.

वच्छलेनं गफ्फारसमोर ठेवलेल्या चहावर साय धरली. "मी त्याले मारलं," तो शेवटी म्हणाला. "तुमच्यासाठी मारलं, काका."

"हो."

"तुमी पाह्यलं होतं."

"पाह्यलं होतं. मले त्या घडीले मालूम नोतं. पन त्या राती मालूम होतं, दुसऱ्या दिवशी मालूम होतं. तवा मी याले पाह्यजे होतं अचलपूरले. नाई आलो. तुमी जे म्हनसान ते ऐकाले मी उभा आहो."

गफ्फारच्या तोंडून रागाचा एखादा शब्द निघाला असता तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. तो निघाला नाही. गफ्फारनं डोळे पुसले आणि टोपी सारखी केली. "कप ठेवा तुमी," तो म्हणाला. "कपाचं मी काय करू? मले माहा भाऊ पाह्यजे. दोनच्या बसनं चला माह्यासंगं. त्याले तुमी सांगा. मी सांगतलं तं तो दार लावून घेईन."

"चला," बुधाजी म्हणाला आणि बंडी शोधू लागला.

देवरावानं कागद गोळा केले. देवमन अजून भिंतीशी बसून होता. थोड्या वेळानं तो आपणहून उठला आणि खुंटीवरचा सदरा अंगात घातला. "ओवर बाबानं मोजली," तो कुणाकडेच न पाहता म्हणाला, "पन खेळली तं मी ना?" वच्छलेनं शिळ्या-ताज्या भाकरी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिल्या.

चौघं अचलपूरला उतरले तेव्हा चार वाजायला आले होते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर गफ्फारची पावलं जड झाली. स्वतःचं दार ओलांडून तो पुढे आला, पण भावाच्या दारापासून दहा हातांवर थांबला. बुधाजी तसाच पुढे झाला, आणि त्याच्या मागे दोन्ही मुलगे गेले.

गयासुद्दीन मागावर बसला होता. फोटोतला किडकिडीतपणा तसाच होता, दाढी तेवढी पिकली होती. दारातली माणसं पाहून त्यानं ओळखलं, पण हात थांबवला नाही. धोटा इकडून तिकडे जात राहिला.

"गयासभाई," बुधाजी म्हणाला, "चाळीस झाल्या होत्या."

धोटा थांबला.

"तुमी म्हनत होते तसंच होतं. ताटात एक कमी होता, तो माह्या खिशात होता. मी जानून नाई टाकला. पन जानून चूप बसलो. तुमाले मार पडला, तो माहा होता."

दाराबाहेर गल्लीत उभ्या असलेल्या भावाकडे गयासुद्दीनची नजर गेली आणि पुन्हा आत आली. देवरावाला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, आणि ओरडला तर ते रास्तच होईल. पण त्यानं देवरावाकडे बोट करून फक्त विचारलं, "हे कोन?"

"माहा पोरगा. देवराव, मास्तर. कपाचा इतिहास लिहून राह्यला."

"इतिहास." गयासुद्दीननं हात पुढे केला. "दाखवा, मास्तर. मले मराठी वाचता येते."

देवरावानं तो कागद दिला. देताना त्याचे कान तापले, कारण त्यावर गैरसमज हा शब्द अजून तसाच होता. गयासुद्दीननं बोट ठेवून वाचलं आणि कागद परत केला.

"काट, दादा," देवमन म्हणाला. तो पुढे आला आणि मागाशेजारी जमिनीवर बसला. "सगळंच काट. अचलपूर पाच धावांनी जिंकलं असं लिही. आन माहे सत्तर नाई. चाळीस ओवरीत चौसष्ट होते. चौसष्ट लिही." त्यानं गयासुद्दीनकडे पाहिलं. "चौसष्ट तं माहेच होते ना, गयासभाई?"

"तुमचेच होते," गयासुद्दीन म्हणाला. "चांगले खेळले होते तुमी. मी मोजले होते."

देवमनच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून देवरावाला कळलं, की फळ्यावरचे सत्तर आपल्या भावाला कधी एवढे आपले वाटले नसतील. त्या मिरवणुकीत नाचताना झाला नव्हता तेवढा आनंद त्याला झाला, आणि या वेळी त्यात मत्सर नव्हता.

त्यानं खिशातून पेन्सिल काढली. गफ्फार आता उंबऱ्यापर्यंत आला होता, आत यायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं. देवरावानं जुन्या ओळींवर रेघ मारली. समासात नवीन लिहिलं. मास्तरी मराठीतले सगळे शब्द त्याला येत होते, पण त्यानं सोपेच निवडले. लिहून झाल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं वाचलं:

"या सामन्यात जिनाच्या संघाकडून षटके मोजण्यात चूक झाली व एक षटक जास्त टाकले गेले. अचलपूरतर्फे मोजणी गयासुद्दीन यांनी केली. ती बरोबर होती."

उंबऱ्यात गफ्फारनं चौकटीचा आधार घेतला आणि तोंडावर पालथा हात धरला. गयासुद्दीन मागावरून उतरला. तो भावाकडे गेला नाही, बुधाजीकडेही गेला नाही. आतल्या खोलीचा पडदा बाजूला सारून त्यानं बायकोला हाक मारली, आणि ती पदर सावरत बाहेर येईपर्यंत तो थांबून राहिला.

"मास्तर," तो म्हणाला, "पुन्हा एकदा वाचा. आमिना अंदर होती."